पॅड बांधून बसलेला मुलगा

दिवाळीच्या सुट्टीत शाळामास्तराच्या घराकडे सहसा कोणी फिरकत नाही. मुले किल्ल्यात दंग, आईबाप खरेदीत दंग आणि मास्तर उरलेल्या उत्तरपत्रिकांत. त्यामुळे गेल्या वर्षी, २०२५ सालच्या वसुबारसेला सकाळीच कडी वाजली, तेव्हा मला वाटले, कोणी पोस्त मागायला आले असावे. दार उघडतो तो समोर माझ्या वर्गातला एक मुलगा आणि त्याचे वडील. मुलगा आठवीतला. त्याच्या पाठीवर जवळजवळ त्याच्याच उंचीची क्रिकेटची बॅग. सुट्टीतही सकाळचा सराव चुकलेला नव्हता.

हिने चहा आणि पहिल्या घाण्याच्या चकल्या पुढे ठेवल्या. वडिलांनी चकलीला हात लावला नाही. म्हणाले, "सर, दिवाळीनंतर ह्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढावा म्हणतो. तुमचं मत विचारायला आलोय."

हकीगत अशी होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा आहे. तिचा क्रिकेटचा संघ दरवर्षी वरच्या फेऱ्यांत असतो. तिथल्या प्रशिक्षकांनी ह्या मुलाला एका शिबिरात पाहिले आणि घेण्याची तयारी दाखवली. फी निम्मी माफ. मात्र पहाटे पाचची गाडी पकडायची, सराव, शाळा, पुन्हा सराव, आणि घरी यायला रात्रीचे नऊ. आई जिथे काम करते तिथली पाळी बदलून घेणार होती. थोरल्या बहिणीची शिकवणी बंद होणार होती, कारण दोन्ही खर्च झेपणारे नव्हते. "तुम्ही सांगाल तसं करू," वडील म्हणाले. मुलगा काहीच बोलला नाही. तो खिडकीतून खाली चाळीच्या चौकात चाललेले किल्ल्याचे काम पाहत होता.

मी म्हटले, "तुळशीच्या लग्नापर्यंत सवड द्या."

सवड मागितली खरी, पण ती कशासाठी, हे माझे मलाच नीट ठाऊक नव्हते. मी इतिहासकार नव्हे. चित्रकला शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर जुन्या भाषेत मॅट्रिक. ते तिथेच का थांबले, ते पुढे ओघाने येईलच. पण गोष्टी लिहिणाऱ्याला एक खोड असते. माणूस अडला की तो मागे जाऊन पाहतो, ही वाट पडली कधी आणि पाडली कोणी. त्या पंधरा दिवसांत मी तेच केले.

मुंबईत बोरीबंदरासमोरचे आझाद मैदान, पलीकडचे क्रॉस मैदान आणि ओव्हल ही एकेकाळी निरनिराळी मैदाने नव्हती. किल्ल्यावरच्या तोफांना मारा करायला मोकळी जागा असावी म्हणून इंग्रजांनी राखलेले ते एकच मोठे पटांगण होते. त्याला एस्प्लनेड म्हणत. साहेब तिथे क्रिकेट खेळे, आणि ते पाहता पाहता पारशी मुलांनी तो खेळ उचलला. १८४८ साली पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदी माणसांनी क्रिकेटसाठी काढलेला तो पहिला क्लब. म्हणजे आपल्याकडे ह्या खेळाचा जन्मच मुळी शाळकरी वयाच्या पोरांच्या हौसेतून आणि क्लबाच्या मांडवाखाली झाला.

पुढे ह्याच मैदानावरून तंटा झाला. गोऱ्या जिमखान्याचे लोक तिथे पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी पारशी मुलांच्या खेळपट्ट्या उखडून निघत. १८८० नंतरची कित्येक वर्षे अर्जविनंत्या चालल्या. शापूरजी सोराबजी नावाच्या गृहस्थाने १८९७ साली पारशी क्रिकेटची बखर छापली, तीत हे गाऱ्हाणे सविस्तर नोंदलेले आहे. १८९० ते १८९५ ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस. स्वतः इंग्लंडच्या संघाचे माजी कप्तान, पण तंट्यात त्यांनी झुकते माप दिले ते पोलोवाल्यांना. आणि गंमत पाहा, शाळाशाळांतल्या क्रिकेटच्या सर्वांत मानाच्या ढालीला नाव मिळाले ते त्यांचेच. मुंबईच्या शाळांचा क्रीडासंघ १८९३ सालचा. एकोणिसावे शतक सरता सरता सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी हॅरिस शील्ड सुरू झाली, आणि तिच्या मागोमाग, १९०१ साली, चौदा वर्षांखालच्यांसाठी जाइल्स शील्ड. सव्वाशे वर्षे झाली, राज्य गेले, गव्हर्नर गेले, शहराचे नाव बदलले, तरी ह्या दोन ढालींसाठी मुंबईची मुले अजून उन्हात उभी आहेत.

ह्या स्पर्धांमागची साहेबाची कल्पना अशी, की खेळाने मुलाचे शील घडते. हरावे कसे, जिंकावे कसे, पंचाचा निर्णय मुकाट मानावा कसा, हे मैदानात शिकावे आणि मग कचेरीत जावे. आपल्या मध्यमवर्गाने ह्यातले शील किती घेतले ते देव जाणे, पण कचेरी मात्र बरोबर हेरली. कारण मुंबईत खेळाच्या शिडीचे दुसरे टोक थेट कचेरीत निघत असे.

ही शिडी समजून घेतल्याशिवाय आजची ओढाताण समजायची नाही. शाळेकडून शील्ड खेळणारा चांगला मुलगा क्लबात घेतला जाई. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना ही नावे आमच्या वडिलांच्या पिढीत देवळांच्या नावांसारखी घेतली जात. १९४८ साली डॉक्टर कांगांच्या नावाने पावसाळी लीग सुरू झाली. ऐन पावसात, ओल्या खेळपट्टीवर, गुडघ्यापर्यंतच्या गवतात. तिथे टिकला तो कोठेही टिकेल, असे मानत. क्लबातून मुलगा दिसला की बँका आणि कंपन्या त्याला आपल्या संघासाठी नोकरी देत. टाइम्स शील्ड ही कचेऱ्याकचेऱ्यांतली स्पर्धा त्यासाठीच प्रसिद्ध. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. मैदानावरच्या झोपडीत वाढला, सामन्यात धावफलकावरचे आकडे बदलायचे काम करी. तो पुढे हिंदुस्थानच्या संघात फलंदाजाच्या नाकासमोर उभा राहून झेल घेऊ लागला.

पण सोलकर एखादाच. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते बाकीचे शेकडो. ते हिंदुस्थानकडून खेळले नाहीत, मुंबईकडूनही खेळले नाहीत. पण शील्ड आणि क्लब ह्यांच्या बळावर त्यांना कोठेतरी कारकुनी मिळाली. संसार झाले, मुले शिकली, आणि रविवारी त्यांनी पोट सावरत कांगा लीग खेळली. शिडीला मधल्या पायऱ्या पुष्कळ होत्या. वर न पोचणारा माणूस कोसळत नसे, मधल्या पायरीवर बसे. १९९० नंतर कंपन्यांची ही नोकरभरती आटत गेली. २००८ साली आयपीएल आली आणि शिडीच्या वरच्या टोकाला सोन्याची हंडी लागली. हंडी दिसते सर्वांना. गळून गेलेल्या मधल्या पायऱ्या मात्र चढू लागल्यावरच कळतात.

आता शिवाजी पार्काकडे वळू.

रमाकांत आचरेकर हे स्टेट बँकेतले नोकर. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पण त्यांच्या हाताखालून हिंदुस्थानच्या संघात गेलेले खेळाडू मोजायला दोन्ही हातांची बोटे लागतात. १९८४ साली अजित तेंडुलकर आपल्या धाकट्या भावाला त्यांच्याकडे घेऊन आला. वडील रमेश तेंडुलकर कवी आणि कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक. आई आयुर्विमा महामंडळात नोकरीला. घर वांद्र्याला साहित्य सहवासात. घरात पुस्तके, शेजारी लेखक. अशा घरातल्या मुलाची शाळा क्रिकेटसाठी बदलावी, असा सल्ला सरांनी दिला आणि प्राध्यापकांनी तो मानला. सचिन वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात आला. पुढे जाण्यायेण्यात जीव दमतो म्हणून तो शिवाजी पार्काजवळ काकाकाकूंकडे राहू लागला. आईबापांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलाला घराबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने ठेवले आहे त्यालाच विचारावे.

उन्हाळ्याच्या एका सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सामने खेळल्याचे सचिनने पुढे सांगितले आहे. एका मैदानावर बाद झाला की सर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. संध्याकाळी मुलगा थकला की सर स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवत. जो बाद करील त्याचे नाणे, नाबाद राहिला तर सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. एकदा स्वतःचा सामना टाकून तो वरच्या मुलांचा अंतिम सामना पाहायला वानखेडेवर गेला. सरांनी तिथेच थोबाडीत दिली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोक तुझा खेळ पाहायला आले पाहिजेत, असे सुनावले. ही हकीगत सचिननेच, आणि कृतज्ञतेने, सांगितलेली आहे.

ती ऐकताना मात्र मी चुळबुळतो. आज मी एखाद्या मुलावर हात उगारला तर माझी नोकरी जाईल, आणि जावी हेच बरे. पण खरी अडचण थपडेची नाही. अडचण अशी, की पुढे यशस्वी झालेला मुलगा थप्पड आठवून सांगतो आणि आपण माना डोलावतो. त्याच मैदानावर थपडा खाऊन घरी गेलेल्यांना कोणी व्यासपीठावर बोलावीत नाही. यशाचा इतिहास यशस्वी माणूसच सांगतो. मग त्यात वाटेतला प्रत्येक दगड पायरी होतो.

फेब्रुवारी १९८८. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, आझाद मैदानावर. एका बाजूला शारदाश्रम, दुसऱ्या बाजूला फोर्टातली सेंट झेवियर्स शाळा. शारदाश्रमाचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले आणि दोन मुले एकत्र आली. चौदा वर्षांचा सचिन आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी. विनोद कांजूरमार्गाहून लोकलने यायचा. दोघांना अलग करणे कोणाला जमले नाही. तो दिवस संपला, दुसरा उजाडला. सरांचे साहाय्यक लक्ष्मण चव्हाण डाव सोडा म्हणून खुणा करीत होते, आणि दोघे पोरे त्यांच्याकडे बघायचेच टाळीत होती. अखेर २ बाद ७४८ वर डाव सोडला तेव्हा सचिन नाबाद ३२६ आणि विनोद नाबाद ३४९. भागीदारी ६६४ धावांची. नंतर विनोदनेच चेंडू हाती घेऊन ३७ धावांत ६ बळी घेतले आणि झेवियर्सचा डाव १४५ वर आटोपला.

ही गोष्ट मराठी घराघरांत ठाऊक आहे. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. परळच्या आमच्या चाळीत दोन पोरे भिंतीवर कोळशाने स्टंप काढून ६६४ होईपर्यंत खेळायची पैज लावीत. पण ह्या गोष्टीत आणखी दोन बाजू आहेत. त्या चाळीत कोणी सांगितल्या नाहीत.

एक बाजू पुढच्या फलंदाजाची. त्याचे नाव अमोल मुजुमदार, वय तेरा. तोही आचरेकरांचाच शिष्य, तोही गुणी. दुसरा गडी बाद झाला तेव्हा त्याने पॅड बांधले. तो दिवसभर पॅड बांधून बसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधून बसला. त्याची पाळी आलीच नाही. दुसरी बाजू गोलंदाजांची. झेवियर्सकडून गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता, पंधरा वर्षांचा. ६६४ धावा आकाशातून पडत नाहीत. त्या कोणा मुलांच्या चेंडूंवर निघतात आणि कोणी मुले त्या चेंडूंमागे दोन दिवस धावत असतात.

पुढचे वाचकांना माहीत आहे. सचिन त्याच वर्षी मुंबईकडून रणजीत उतरला आणि पहिल्याच सामन्यात नाबाद शतक काढले. १९८९ च्या नोव्हेंबरात, सोळाव्या वर्षी, तो कराचीला कसोटी खेळत होता. विनोदने १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतके काढली, पण १९९५ नंतर तो कसोटी खेळला नाही. सतरा कसोटी आणि चोपन्नाची सरासरी. तिथे त्याचा आकडा थांबला. बहुतुलेच्या पायाला १९९० साली मोटार अपघातात जबर इजा झाली. पायात सळी घालावी लागली. तरी तो उठला, प्रथम श्रेणीत सहाशेहून अधिक बळी घेतले, दोन कसोटीही खेळला. आणि मुजुमदार? १९९४ साली रणजीच्या पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतके, मुंबईचे कर्णधारपद, रणजी करंडक. सगळे झाले, पण हिंदुस्थानच्या संघाचे बोलावणे काही आले नाही. मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि त्याच्याच शाळेचा तो ३२६ वाला बसलेले. आयुष्यभर पॅड बांधलेलेच राहिले म्हणायचे.

त्यातल्या त्यात हा मुजुमदार होता. आपल्याला त्याचे नाव तरी ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट कल्याणची, जानेवारी २०१६ ची. शाळाशाळांतल्या भंडारी चषकाचा सामना. प्रणव धनावडे ह्या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा काढल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. वडील रिक्षा चालवणारे. १८९९ साली इंग्लंडात क्लिफ्टन कॉलेजात कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद ६२८ काढल्या होत्या. तो विक्रम एकशे सोळा वर्षांनी मोडला. (हा कॉलिन्स पुन्हा कधी मोठ्या क्रिकेटात दिसला नाही. सैन्यात गेला आणि १९१४ च्या नोव्हेंबरात पहिल्या महायुद्धात पडला.) प्रणवच्या घरी पत्रकारांची रांग लागली. क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी धावा होईनात, तेव्हा ती शिष्यवृत्ती थांबवावी असे खुद्द त्याच्या वडिलांनीच कळवले. त्या रिक्षावाल्या बापाची ही सचोटी मला हजार धावांहून मोठी वाटते. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हजाराचा आकडा आपणच ठेवला. मग मान वाकली तर दोष कोणाचा?

आणि समोरचा संघ? त्या शाळेची मोठी मुले परीक्षेत गुंतलेली, म्हणून मैदानावर उतरली होती ती पुष्कळशी लहान पोरे. काही तर दहा-बारा वर्षांची. सीमारेषा जवळ, चेंडू कातड्याचा. त्यांचे डाव ३१ आणि ५२ वर संपले. डाव सोडला गेला तो १४६५ धावांवर. त्या पोरांना पाचशेवर, हजारावर, 'आता पुरे' म्हणणारे मोठे माणूस मैदानावर नव्हते काय? होते. एकाहून अधिक होते. पण विक्रम जवळ आला होता. खेळ मुलांचा असतो, विक्रम मोठ्यांचा असतो.

विक्रमाच्या मागे लागलेल्या मोठ्यांनी आणखी काय केले, ते सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. मुलाचे वय दोन वर्षांनी कमी लावायचे. सोळाखाली खेळणाऱ्याला मिसरूड फुटलेली. अखेर २०१२ साली क्रिकेट नियामक मंडळाने मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांवरून वय ठरवायची रीत आणली. जन्मदाखल्यावर विश्वास उरला नाही म्हणून हाडांना साक्षीला बोलवावे लागले. दाखला खोटा करतो तो मुलगा नव्हे. तो फक्त बापाने सांगितलेली जन्मतारीख पाठ करतो, आणि पुढे जन्मभर वाढदिवस दोन तारखांना साजरा करतो.

आता माझे. सांगेन म्हणालो होतो.

आमचे वडील गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि गिरणी गेली ती गेलीच. वडील रखवालदारी करू लागले. मी खेळात बरा होतो. बरा म्हणजे चाळीत पहिला, शाळेत पाचवा-सहावा. आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी संघात घेतले तेव्हा आईने एक पाटली मोडून मला बॅट, पॅड आणि बूट घेऊन दिले. आठवी, नववी, दहावी, असे तीन हंगाम मी संघाबरोबर होतो. नावाने फलंदाज. कामाने पाणी नेणारा, सीमारेषेवर क्षेत्ररक्षण करणारा आणि पॅड बांधून बसणारा. आमच्यात दोघे खरेच मोठे खेळाडू होते. ते बाद होईपर्यंत सामना संपलेला असे. तीन वर्षांत माझ्या वाट्याला फलंदाजी आली दोनदा. एकदा चार धावा, एकदा शून्य. मी मागितली नाही, सरांनी दिली नाही. दहावीच्या वर्षी पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात सामना होता. सर म्हणाले, "ये, लागशील." मी गेलो. लागलो नाही. मार्चात गणितात नापास झालो, ऑक्टोबरात सुटलो. कॉलेजचे प्रवेश तोवर संपले होते आणि घरात दुसरे वर्ष थांबायची ऐपत नव्हती. ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा तेवढी पदरी होती. तिच्या जोरावर पुढे चित्रकलेचा मास्तर झालो.

त्या सरांवर माझा राग नाही. खोटे कशाला बोलू, पुष्कळ वर्षे होता. मग मी स्वतः मास्तर झालो. तेव्हा कळले की पंधरा मुलांतली दोन डोळ्यांत भरतात आणि उरलेली तेरा नकळत पाठीमागे जातात. त्यात दुष्टावा नसतो. ढाल मात्र असते. ढाल शाळेच्या कपाटात जाते. पाटली परत येत नाही. आईने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

असो. तुळशीचे लग्न आले. योगायोग असा, की त्याच दिवशी, २ नोव्हेंबर २०२५ ला, नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. चौकातल्या वृंदावनापुढे मंगलाष्टके झाली, ऊस आणि चिंचा-आवळे वाटून झाले आणि चाळ टीव्हीपुढे बसली. पावसाने सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. फटाके सुरू झाले. पडद्यावर कर्णधार हरमनप्रीत कौर आपल्या प्रशिक्षकाच्या पाया पडली. प्रशिक्षक पन्नाशीचा गृहस्थ. डोळे भरलेले. अमोल मुजुमदार.

माझा मुलगा म्हणाला, "बाबा, रडताय काय? जिंकलो आपण."

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. मी त्यांना हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मुजुमदारांची गोष्ट सांगून त्यांना हुरूप द्यावा, असा मोह झाला होता. तो आवरला. कारण सदतीस वर्षांनी अशी संध्याकाळ वाट्याला येणे हा नियम नव्हे. मी एवढेच म्हटले, "त्या शाळेचा एखादा सामना बघून या. जे खेळतात त्यांच्याकडे बघू नका, तंबूत बसलेल्यांकडे बघा. बाराव्या, तेराव्या, चौदाव्या मुलाशी बोला. गेल्या वर्षी फलंदाजी किती वेळा मिळाली, ते विचारा. चाचणी परीक्षेला कोण बसलं, ते विचारा. दहावीनंतर गेल्या पाच वर्षांतली मुलं आज कुठं आहेत, ते प्रशिक्षकांना विचारा. ते चटकन सांगू शकले तर शाळा चांगली. आणि थोरलीची शिकवणी मात्र बंद करू नका. एकाच्या खेळाचं बिल दुसऱ्याच्या नावानं फाडलं, तर तो खेळ त्या पोराला उद्या जड होईल."

मग मी मुलाकडे वळलो. ह्या सगळ्या भानगडीत त्याला कोणी विचारलेच नव्हते. "तुला काय वाटतं रे?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मला खेळायचंय. पण मला फक्त बघत बसायला नाही आवडणार."

आठ दिवसांनी ते सामना बघून आले. प्रशिक्षकांनी म्हणे जुन्या मुलांची नावे भराभर सांगितली. कोण कोणत्या कॉलेजात, कोण कोठे नोकरीला. चौदाव्या मुलाने मात्र खांदे उडवले. म्हणजे निकाल अर्धा इकडे, अर्धा तिकडे. शेवटी वडिलांनी ठरवले की हे वर्ष इथेच पुरे करायचे, जूनमध्ये जायचे, आणि तेही प्रशिक्षकांनी दर महिन्याला निदान एक सराव सामना त्याला खेळायला देण्याचे कबूल केल्यावर. बाप असा सौदा करू शकतो, हे मला तोवर सुचले नव्हते. आमच्या वडिलांनाही सुचले नसावे. सरांपुढे बोलायचे असते, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

जूनमध्ये दाखला गेला. थोरलीची शिकवणी चालू आहे. ऑगस्टात, उघडीप पाहून, मी एका रविवारी त्यांचा सराव सामना बघायला गेलो. माझा माजी विद्यार्थी तंबूत पॅड बांधून बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. आत दोघे चांगले जमले होते, टाळ्या पडत होत्या.

"कितवा आहेस?" मी विचारले.

"पुढचाच, सर."

मी घड्याळाकडे पाहिले नाही. खिशात हिने दिलेले शेंगदाण्याचे लाडू होते, ते आम्ही दोघांनी खाल्ले. तासाभराने एक गडी बाद झाला आणि तो उठला. हातमोजे घालताना त्याचे हात थरथरत होते. किती धावा केल्या, ते मी मुद्दामच इथे लिहीत नाही.